गुरुजी : नेहमीप्रमाणे

केस कापायच्या दुकानात भिंतीवर दरपत्रक असतं. दाताच्या डॉक्टरांकडे नसतं, पण खुर्चीत आडवं केल्यावर, तोंडात दोन हत्यारं असताना, म्हणजे आपल्याला हरकत घेता येत नाही अशा वेळी, ते आकडा सांगतात. नळ दुरुस्त करणारा आधी नळाकडे बघतो, मग आपल्या बुटांकडे बघतो आणि मग सांगतो. एकूण काय, प्रत्येक कामाला भाव आहे आणि तो कळण्याची काही ना काही सोय आहे. अपवाद फक्त गुरुजींचा. गुरुजींना विचारलं, "किती द्यायचे?" की ते डोळे मिटून म्हणतात, "तुमची इच्छा."

माझी खरी इच्छा मी सांगितली असती तर त्यांनी डोळे नक्की उघडले असते.

मी एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेब तपासणी विभागात बावीस वर्षं आहे. आमच्याकडे डिझेलचं खातं आहे, दोरखंडाचं आहे, वाटेत फुटलेल्या मालाचं आहे, आणि वाटेत फुटला असं सांगून घरी नेलेल्या मालाचंही आहे. 'इच्छा' या नावाचं खातं नाही. तरीसुद्धा बाबांना जाऊन वर्ष होत आलं, त्यांच्या नावानं घरी प्रार्थना ठेवायचं ठरलं, आणि सगळ्यांनी कामं वाटून घेतली, तेव्हा दक्षिणेचं काम "तू हिशेबातला" एवढ्या एका कारणावरून माझ्या अंगावर आलं.

आजवर ते बाबा बघत. आजोबांच्या आठवणीची प्रार्थना आमच्या घरी दर वर्षी व्हायची आणि एकतीस वर्षं हेच गुरुजी यायचे. प्रार्थना झाली, जेवणं झाली, की बाबा त्यांना दारापर्यंत सोडायला जात. तिथे चपलांच्या कपाटाशी दोघांचे हात क्षणभर एकमेकांत जात आणि व्यवहार पुरा होई. काय दिलं, किती दिलं, आम्ही कधी पाहिलं नाही. बाबा गेले ते आक्काच्या गावी, तिच्याकडे उपचाराला गेलेले असताना. तिथलं सगळं भावोजींनी केलं. तिथले गुरुजीही वेगळे होते आणि त्यांच्याकडून भावोजींनी पावती घेतली. भावोजींना कुणी शुभेच्छा दिल्या तरी ते पावती मागतील. त्या वर्षी आजोबांचा दिवसही राहून गेला. तेव्हा दारातला तो हात मिळवण्याचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच येत होता.

दिवस ठरवायला गुरुजी घरी आले. पंचाहत्तरीचे, बारीक, आवाज मात्र खणखणीत. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसले होते. चहा झाल्यावर मला म्हणाले, "तुम्हीही वडिलांसारखे हिशेबातच ना?"

"हो."

"बरं आहे. बरं आहे," असं म्हणून त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली, आणि उठले.

मी चाणाक्ष माणूस आहे. ते माझ्या पगाराचा अंदाज घेत होते हे मी लगेच ओळखलं.

ते गेल्यावर आईला विचारलं, "बाबा किती द्यायचे गं?"

"ते मला काय माहीत? मी कधी मोजलं नाही," आई म्हणाली. "पण ते द्यायचे तेवढंच द्यायचं. कमी दिलंस तर तुझी लाज जाईल, आणि जास्त दिलंस तर त्यांची."

म्हणजे कमी नाही आणि जास्त नाही. नेमका आकडा हवा, आणि तो आकडा घेऊन बाबा गेलेले. संध्याकाळी आक्काचा फोन. "निम्मे मी देणार. तू फक्त आकडा सांग." मागून भावोजींचा आवाज आला, "आणि पावती."

आता बाबा म्हणजे काही हवेत हिशेब ठेवणारे गृहस्थ नव्हते. सरकारी कचेरीत जमाखर्च लिहिण्यात त्यांची हयात गेली होती आणि घरी आल्यावर विश्रांती म्हणून ते घरचा जमाखर्च लिहीत. त्यांच्या एकतीस रोजनिशा माळ्यावर होत्या. मी त्या उतरवल्या, धूळ झटकली, शिंकलो आणि बसलो. 'खिळे चार.' 'छत्रीची काडी.' 'बसमध्ये सापडलेलं नाणं, जमा.' 'तेच नाणं खोटं निघालं, खर्ची.' असा माणूस गुरुजींचा आकडा लिहिणार नाही हे शक्यच नव्हतं. आजोबांच्या दिवसाचं पान काढलं. लिहिलं होतं:

'गुरुजी : नेहमीप्रमाणे.'

पुढे रकाना कोरा. मी आधीचं वर्ष काढलं. 'गुरुजी : नेहमीप्रमाणे.' त्याच्या आधीचं. तेच. एकतीस रोजनिशा, एकतीस नेहमीप्रमाणे. अगदी पहिल्या वर्षीसुद्धा नेहमीप्रमाणे! पहिल्याच वर्षी माणसाची नेहमी कशी काय होते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पण मीही तपासणीतला. आकडा लपवता येतो, फरक लपवता येत नाही. त्या दिवसाची आरंभीची शिल्लक घेतली, लिहिलेले खर्च वजा केले, अखेरची शिल्लक वजा केली. जो फरक उरेल ती गुरुजींची दक्षिणा. फरक आला शून्य. पुन्हा केलं. शून्य. एकतीसच्या एकतीस वर्षांचं केलं. भाजी, चहापत्ती, फुलं, सगळं बरोबर, पै न पै बरोबर, आणि गुरुजींच्या नावानं शून्य.

मी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली.

"बाबांनी गुरुजींना एकतीस वर्षांत काही म्हणजे काही दिलेलं नाही," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"काहीतरीच काय! दारात द्यायचे की. मी पाहिलंय."

"हात द्यायचे. हातात काय होतं ते पाहिलंस?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "अहो, आईंना यातलं काही बोलू नका."

मी बोलणारच नव्हतो. ज्या माणसानं खोट्या नाण्याचीही नोंद ठेवली, ज्याच्या शब्दावर अख्खी गल्ली भिशीचे पैसे ठेवायची, तो एका गरीब गुरुजींना दर वर्षी मोकळ्या हातानं निरोप देत होता, आणि गुरुजी बिचारे पुढच्या वर्षी पुन्हा येत होते! आता मला ती पिशवी समजली. 'तुम्ही हिशेबातलेच ना?' हा प्रश्नही समजला. ते थकबाकी मागत होते. बाबांचं नाव माझ्या हातात होतं आणि ते स्वच्छ करायचं तर हिशेब चुकता करणं भाग होतं. व्याजासकट.

दर ठरवण्यासाठी मी बाजारभाव काढायचं ठरवलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना सहज विचारल्यासारखं करून विचारलं. त्यांनी मला उभं ठेवूनच उत्तर दिलं. "दोनशे. त्याहून जास्त देणं म्हणजे ज्ञानाचा बाजार मांडणं. मी गेली वीस वर्षं ताठ मानेनं दोनशे देतो." कोपऱ्यावरचा औषधवाला गोळ्यांची पट्टी कापता कापता म्हणाला, "हजार. हजाराच्या खाली आपण हातच घालत नाही साहेब. देवाच्या कामात काय घासाघीस करायची?" आणि मला खोकल्याच्या औषधाच्या बिलावर सुटे परत द्यायला विसरला. तिसरे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी आधी मला बसवलं, मागच्या तीन महिन्यांचं पाण्याचं बिल दाखवलं, जिन्यातल्या दिव्याबद्दल माझं मत घेतलं, ते चुकीचं आहे हे पटवलं, आणि मग म्हणाले, "सहाशे. मध्यम मार्ग."

तिघांची सरासरी काढली. नेमके सहाशे. सेक्रेटरींचं बोलणं बरोबर निघण्याची ही पहिलीच वेळ.

"पण एकतीस वर्षांपूर्वी सहाशे कुठले?" बायको म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी दर वर्षी सारखी वाढ धरली, एकतिसाव्या वर्षी सहाशे येतील अशी. मुद्दल झालं नऊ हजार सहाशे. सहा टक्के सरळ व्याज, पाच हजार सातशे साठ. चालू वर्षाचे सहाशे. एकूण पंधरा हजार नऊशे साठ. चक्रवाढ लावलं नाही. बाबा गुरुजींचे मित्रही होते, म्हणून तेवढी सूट घेतली.

पंधरा हजार नऊशे साठ माझ्याकडे नव्हते. निम्मे आक्काकडून मागायचे तर तिला आकड्याची फोड सांगावी लागली असती, आणि फोड कळली की भावोजींनी बाबांच्या रोजनिशा मागवल्या असत्या. म्हणून मी आमच्या ऑफिसच्या पतपेढीत गेलो. तिथल्या बाई पंधरा वर्षं एकाच खिडकीत बसतात आणि समोरच्या माणसाकडे चष्म्याच्या वरून बघतात. चष्म्यातून फक्त कागद बघतात.

"कारण?" बाईंनी विचारलं. फॉर्मवर कारणं छापलेली होती. घरदुरुस्ती, शिक्षण, विवाह, आजारपण, इतर.

"इतर," मी म्हणालो.

"इतर लिहिलं की अर्ज वर जातो. वर गेलेला खाली आलेला मी अजून पाहिला नाही. इतर म्हणजे काय?"

"गुरुजींना द्यायचेत."

"मग गुरुजींचं कोटेशन आणा."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. खाली नियम छापलेला होता, 'सेवा देणाऱ्याचे लेखी दरपत्रक जोडावे.' त्या खिडकीमागे उभं राहून इतरांना हाच नियम मी स्वतः कितीदा वाचून दाखवलाय.

संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो. एकच खोली. भिंतीला खाट, खाटेवर गुरुजी, शेजारी ती कापडी पिशवी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "या, या. मी तुमचीच वाट बघत होतो." लागलीच पिशवीत हात घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थकबाकीचा कागद बाहेर येण्याआधीच मी घाईघाईनं म्हणालो, "गुरुजी, एक कागद हवाय. तुम्ही किती घेता ते लिहून द्या. ऑफिसात दाखवायचंय."

त्यांचा हात पिशवीतच राहिला. बराच वेळ माझ्याकडे बघून त्यांनी एक चिठ्ठी घेतली, लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि दिली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला संध्याकाळी वेळ असतो का हो जरा?"

"छे छे, अजिबात नसतो," मी म्हणालो आणि चपला घातल्या. एकेका वर्षाची बाकी एकेका संध्याकाळी माझ्याकडून वसूल करायचा त्यांचा विचार दिसत होता.

"असू दे, असू दे," असं ते म्हणाल्याचं मला जिन्यात ऐकू आलं.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'यथाशक्ती.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली. "रक्कम अंकी आणि अक्षरी लागते. हे अक्षरी झालं. अंकी कुठाय?"

बाईंना बहुधा दया आली. "असं करा, आजारपण लिहा. त्याला कोटेशन लागत नाही."

"कुणाचं आजारपण?"

"तुमचंच. नातेवाइकाचं असलं की नात्याचा दाखला लागतो." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी रकाना भरलासुद्धा. "पोटाचा विकार लिहिलाय. पोटाचं कुणी फारसं विचारत नाही."

मी सही केली. लोकांची असली शेकडो कारणं मी लाल शाईनं खोडलेली आहेत, आणि सही करताना त्या सगळ्यांचे चेहरे एकामागून एक माझ्यासमोरून गेले. ते हसत होते. पैसे पतपेढीच्या पाकिटात मिळाले. पाकिटावर ठळक छापलं होतं, 'वैद्यकीय अग्रिम.'

पोटाचं कुणी विचारत नाही ही बाईंची समजूत चुकीची आहे. पोटाचं सगळे विचारतात, कारण पोट सगळ्यांना असतं. दुपारी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "हे कधीपासून?" मी म्हणालो, "काही विशेष नाही साहेब." साहेब म्हणाले, "माझे मेहुणेही असंच म्हणायचे," आणि खिडकीबाहेर बघू लागले. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं माझा डबा उघडून बघितला आणि मान हलवत बंद केला. दोन दिवसांत बातमी इमारतीत पोचली. औषधवाल्यानं दुकानातून हाक मारून, चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "तपासण्या केल्या का सगळ्या?" हेडमास्तर जिन्यात थांबून म्हणाले, "आता मला त्या दक्षिणेच्या चौकशीचा अर्थ कळला. धीर धरा." ज्या माणसाला आयुष्यात कुणी 'कसे आहात' म्हणून विचारलं नाही, त्याला सगळे 'कसे आहात' विचारत होते, आणि तो ठणठणीत होता. याची एक वेगळीच लाज वाटते.

प्रार्थनेचा दिवस उजाडला. आमंत्रण आठ जणांना होतं, आले चोवीस. प्रत्येकाच्या हातात फळं. साहेब आले, पतपेढीतल्या बाई आल्या. आक्का आणि भावोजी सकाळच्या गाडीनं आले आणि दारात पाय ठेवताच आक्का माझ्या गळ्यात पडून रडली. "मला का नाही सांगितलंस रे?" भावोजींनी माझा हात हातात घेतला. "रिपोर्टच्या झेरॉक्स काढून ठेवल्यास ना?"

आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. पदराखाली हात घेऊन, एकटक माझ्याकडे बघत. काळजीनं बघतेय असं मला वाटलं. मी तिला खुणेनं 'मी बरा आहे' असं सांगितलं. तिनं मान हलवली आणि बघतच राहिली.

गुरुजींनी खणखणीत आवाजात बाबांसाठी प्रार्थना म्हटली. ती संपल्यावर त्यांनी जरा थांबून माझ्यासाठीही म्हटली. दीर्घायुष्याची. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी अख्खी खोली त्यांच्याबरोबर म्हणाली आणि साहेबांनी डोळे पुसले. बाबांच्या वाट्याला आलेल्या प्रार्थनेपेक्षा ती लांबली, हे मला हिशेबाचा माणूस म्हणून खटकलं.

जेवणं झाली. गुरुजी उठले, पिशवी काखेत घेतली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. चपलांच्या कपाटाशी आलो, बाबांसारखाच हात पुढे केला, आणि त्यांच्या हातात पाकीट ठेवलं.

पण बाबांचं मिटलेल्या मुठीत मावायचं. माझं मावलं नाही. ते जाडजूड होतं, गुरुजींच्या बोटांतून निसटलं आणि फटकन जमिनीवर पडलं. खोलीतल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

"मागचं सगळं," मी शक्य तितक्या हळू म्हणालो. "व्याजासकट."

"व्याज? कशाचं व्याज?"

गुरुजींचा आवाज खणखणीत आहे हे मी सांगितलंच. "बाबांकडून जे राहिलं ते," मी म्हणालो. "एकतीस वर्षांचं. तुम्ही बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा."

पतपेढीतल्या बाईंनी वाकून पाकीट उचललं, चष्म्यातून वाचलं आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "हे औषधोपचाराचे ना?"

"यानं औषध सोडून प्रार्थनेवर पैसे लावले!" साहेब म्हणाले. आक्कानं पुन्हा रडायला सुरुवात केली.

गुरुजी मात्र कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी बाईंच्या हातातलं पाकीट घेतलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "तुमचे वडील माझं एक पैशाचंही देणं लागत नव्हते. असं कोण म्हणालं तुम्हाला? तुम्हाला हे सगळं बंद करायचं असेल तर सरळ सांगा. पण त्यांच्या नावावर बाकी लावू नका."

चोवीस माणसांसमोर बाबांना कर्जदार ठरवलं होतं, आणि तेही त्यांच्याच प्रार्थनेच्या दिवशी. ज्यांचं नाव स्वच्छ करायला निघालो, त्यांच्यावरचा एकुलता एक डाग मीच पाडला.

तेवढ्यात आई उठली. पदराखालचा हात बाहेर काढला. हातात एक तपकिरी पाकीट होतं. कोपरे कापडासारखे मऊ झालेले, तोंडाला चिकटपट्टीवर चिकटपट्टी, वर बाबांच्या अक्षरात 'गु.' एवढंच.

"हे घे," ती म्हणाली. "सकाळपासून घेऊन बसलेय. तू मागशील म्हणून."

"हे काय आहे?"

"गुरुजींचं पाकीट. माझ्या कपाटात शालीखाली असतं."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू किती ते विचारलंस. किती ते मला माहीत नाही. कुठे आहे ते विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मी ते पाकीट गुरुजींच्या हातात दिलं. त्यांच्या मुठीत ते असं मावलं की जणू मूठ त्याच्यासाठीच घडवली होती. उघडून बघण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ते खिशात टाकलं, डोळे मिटले, "नेहमीप्रमाणे" म्हणाले, आणि डोळे उघडले ते थेट माझ्याकडे बघत. "आता तुम्हाला वेळ आहे का?"

होता. असायलाच हवा होता.

गुरुजींनी पिशवी टेबलावर ओतली. तीनशेच्या वर चिठ्ठ्या, जुन्या पाकिटांच्या पाठी, एक बारीक अक्षरातली वही, आणि वर करकचेरीची नोटीस. दोन वर्षांच्या उत्पन्नाचं पत्रक आलेलं नाही, शुक्रवारपर्यंत द्यावं, नाहीतर दंड. तो दिवस बुधवार होता. माणूस जन्मभर लोकांना 'तुमची इच्छा' म्हणतो, पण करखात्याला यथाशक्ती चालत नाही. त्यांना अंकी लागतं. ते अंकी करून देण्याचं काम बाबा एकतीस वर्षं करत होते. आजोबांच्या दिवशी पाकीट आमच्याकडून गुरुजींकडे जायचं, आणि पत्रक भरून झालं की तेच पाकीट, 'तुमची मेहनत' म्हणून, गुरुजींकडून बाबांकडे यायचं. पहिल्या वर्षी पत्रक आधी झालं, तेव्हा गुरुजींनी ते बाबांना आणि आजोबांच्या दिवशी बाबांनी तेच गुरुजींना घ्यायला लावलं होतं आणि त्यानंतर दोघांनाही ते फोडायचा धीर झाला नव्हता. आजारी पडण्याआधी बाबांनी शेवटचं पत्रक भरलं, म्हणून पाकीट आमच्याकडे राहिलं होतं. पुढे ज्या घरात माणूस गेलाय तिथे कागद घेऊन कसं जायचं, म्हणून गुरुजी पिशवी मांडीवर घेऊन बसत आणि तशीच परत नेत.

म्हणजे बाबांच्या हिशेबात शून्य होतं ते बरोबरच होतं. एकतीस वर्षांच्या हिशेबात मी जी चूक शोधत होतो ती माझी होती.

मी बाह्या सरसावून बसलो. आक्कानं चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्या. भावोजींनी प्रत्येक चिठ्ठी दोन्ही बाजूंनी तपासली. इतके खुश मी त्यांना त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला पत्रक तयार झालं. त्या वहीत काय काय आहे हे मी सांगणार नाही. धंद्याची गुपितं असतात. एवढंच सांगतो की ताठ मानेचे दोनशे प्रत्यक्षात साठ निघाले, आणि जो हजाराच्या खाली हात घालत नाही त्यानं खरोखरच घातलेला नाही. त्यानं मागच्या खेपेला गुरुजींना खोकल्याचं औषध दिलं होतं. मध्यम मार्गवाल्यांनी पावतीपुस्तक संपल्याचं सांगून पुढच्या वर्षी बघू म्हटलं होतं. माझे सहाशे ज्या तीन माणसांच्या सरासरीतून आले, ते तिघे मिळून गुरुजींना शंभरसुद्धा देत नव्हते. आता औषधवाला सल्ला देतो तेव्हा मी अतिशय लक्षपूर्वक ऐकतो.

जाताना गुरुजींनी चपलांच्या कपाटाशी हात पुढे केला. पाकीट दुपारी गेलं होतं, संध्याकाळी परत आलं.

पतपेढीचे पैसे दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो. बाई म्हणाल्या, आजारपणाचं कर्ज मुदतीआधी फेडायचं तर बरं झाल्याचा दाखला लागतो. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला झालं काय होतं?" मी म्हणालो, तेवढं सोडून लिहा. दाखल्याचे त्यांनी दीडशे घेतले. मागितले आणि घेतले, किती बरं वाटलं. साहेब अजून अधूनमधून खांद्यावर हात ठेवतात.

ते पाकीट एकदा मी दिव्यासमोर धरून बघितलं, हे कबूल करतो. आई दारात उभी होती. "ठेव," एवढंच म्हणाली. ठेवलं.

रविवारी आक्काचा फोन आला. "अरे, त्या गडबडीत राहूनच गेलं. शेवटी किती दिलेस ते सांग, माझे निम्मे पाठवते."

मी रोजनिशी उघडली. बुधवारच्या पानावर फळं होती, फुलं होती, डॉक्टरांचे दीडशे गुरुवारच्या पानावर होते. बुधवारची शिल्लक बरोबर जुळत होती.

"नेहमीप्रमाणे," मी म्हणालो.

मागून भावोजींचा आवाज आला, "पावती घेतली का विचार."

"घेतलीय म्हणावं," मी म्हणालो. "आईच्या कपाटात आहे. शालीखाली."